एका दिवसानें काय होतें ?

२०२३ च्या जून महिन्यांतील गोष्ट. साताऱ्यांतील आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं रक्ततपासणीचा कागद आमच्यापुढें सरकविला आणि चष्मा काढून ते म्हणाले, "गुरुजी, आपण उंबरठ्यावर उभे आहांत." डॉक्टर आमचे जुने विद्यार्थी. आठवीच्या वर्गांत 'देव' शब्द चालवितांना षष्ठीपाशीं हटकून अडखळणारा हा मुलगा आज आमच्या रक्ताचा अर्थ आम्हांस समजावून देत होता, आणि त्यांत त्याची एकहि विभक्ति चुकत नव्हती. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारा जो आंकडा असतो, तो ५.७ च्या आंत असावा, ६.५ झाला कीं मधुमेह ठरतो. आमचा आंकडा होता ६.३. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, पोटाचा घेर १०४ सेंटिमीटर. आपल्याकडील पुरुषांचा हा घेर ९० च्या आंत असावा लागतो. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा दाखलाहि त्यांनीं दिला. उंबरठ्यावरच्या लोकांपुढें वजन शेंकडा ७ नें उतरविण्याचें आणि आठवड्यास १५० मिनिटें चालण्याचें ध्येय ठेविलें, तेव्हां सुमारें तीन वर्षांत त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नें कमी झालें. आमच्या बाबतींत शेंकडा ७ म्हणजे सुमारें ६ किलो.

उंबरठा हा शब्द ऐकतांच आमचे थोरले बंधु डोळ्यांपुढें उभे राहिले. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असूं. अप्पांस मधुमेह होता. औषधें चालू होतीं आणि पथ्यहि चालू होतें. फक्त लग्नाचा दिवस, मुंजीचा दिवस, सत्यनारायणाचा दिवस, पाहुणे येण्याचा दिवस आणि पाहुणे जाण्याचा दिवस एवढे त्या पथ्यांतून वगळलेले असत. वहिनी कांहीं बोलूं लागल्या कीं ते हंसून म्हणत, "अग, एका दिवसानें काय होतें?" हें वाक्य आम्हीं त्यांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्यांतला हेल अजून कानांत आहे. २०११ सालीं जखम चिघळून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालीं काढावा लागला. २०१४ सालीं ते गेले. शेवटचीं तीन वर्षें ते ओटीवर खुर्चींत बसून असत, आणि आम्ही भेटीस गेलों कीं प्रथम विचारीत, "आज तुमच्याकडे जेवायला काय केलं होतं?"

तेव्हां वजन उतरविणें भाग होतें. प्रश्न एवढाच होता कीं, सणावाराच्या आणि आवडीच्या खाण्याचें काय करावयाचें.

त्याच सुमारास आमचा नातू पुण्याहून आला होता. तो व्यायामशाळेंत जातो आणि खाण्याचा हिशेब मोबाइलवर ठेवितो. त्यानें आम्हांस धीर दिला. "आजोबा, सहा दिवस काटेकोर राहायचं आणि रविवारी चीट डे घ्यायचा. मग जड जात नाही." चीट म्हणजे फसविणें. आमचीं चौतीस वर्षें परीक्षेच्या वर्गांत मुलांच्या चिटोऱ्या पकडण्यांत गेलीं, त्यामुळें शब्द कानास खटकला. आम्हीं विचारलें, "अरे, पण फसवायचं कोणाला?" तो नुसता हंसला. नांव आम्हांस रुचलें नाहीं. पण सोय मात्र रुचली. आम्हीं त्यास 'सुटीचा वार' असें शुद्ध नांव दिलें आणि व्रतास आरंभ केला.

सहा दिवस आम्ही खरोखरच नेमानें वागत असूं. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानें चढ चढून यावयाचें, दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, ताक, रात्रीं मुगाची खिचडी. रविवारीं मात्र सकाळीं मिसळ, दुपारीं श्रीखंड-पुरी आणि मसालेभात, चहाबरोबर चार कंदी पेढे, संध्याकाळीं भेळ आणि रात्रीं मुलें मागवितील तें. कांहीं आठवड्यांत या रविवारास वेध लागूं लागले. ग्रहणाचे वेध जसे आधींपासून लागतात, तसे शनिवारीं सायंकाळींच आमच्या जिभेस लागत. आणि उरलेलें श्रीखंड वायां जाऊं नये म्हणून मोक्ष सोमवारीं दुपारीं होई. सोळा आठवडे हा क्रम चालला. वजन उतरलें अवघें सव्वा किलो.

असें कां व्हावें, हें आम्हीं एके दिवशीं वही घेऊन मांडून पाहिलें. आमच्या वयाच्या आणि बांध्याच्या माणसास दिवसाकांठीं सुमारें २,००० कॅलरी लागतात. आम्ही १,५०० खात होतों, म्हणजे रोजची बचत ५००, सहा दिवसांची ३,०००. शरीरांतील एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० कॅलरी. सातहि दिवस नेम पाळला असतां आठवड्यास ४५० ग्रॅम उतरावयास हवें होतें. परंतु रविवारची बेरीज केली ती ४,३०० भरली. म्हणजे गरजेपेक्षां २,३०० अधिक. ३,००० मधून २,३०० वजा जातां उरले ७००, आणि ७०० कॅलरी म्हणजे जेमतेम ९० ग्रॅम. सहा दिवस घाम गाळून जमविलेलें आम्ही एका दिवसांत उधळीत होतों. फसविलें कोणास, या प्रश्नाचें उत्तर वहींत आमच्याच हस्ताक्षरांत लिहिलेलें होतें.

गणित कळलें कीं माणूस शहाणा होतो, हा शिक्षकांचा आवडता गैरसमज आहे. आम्हीं आतां दुसरें टोंक गांठलें. त्या वर्षींची दिवाळी संपतांच गोड बंद, तळलेलें बंद, भात बंद, आणि सणासुदीसहि अपवाद नाहीं, असें जाहीर केलें. दत्तजयंतीस शेजाऱ्यांनीं पुढें केलेला प्रसाद आम्हीं हात जोडून परत केला. आमच्या घराण्यांत प्रसाद परत करण्याची ही पहिलीच वेळ असावी. नऊ आठवड्यांत कांटा ७९.५ वर आला. आम्हांस अभिमान वाटूं लागला. घरांत मात्र बोलणें कमी झालें होतें, तें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

१५ जानेवारी २०२४ रोजीं संक्रांत होती. आमच्या पत्नीनें गुळपोळ्या केल्या. मुलगा, सून, नातवंडें पंगतीस होतीं. ती आमच्या ताटापाशीं आली आणि म्हणाली, "एकच वाढते." आम्हीं ताटावर आडवा हात धरला आणि मुलांना ऐकूं जाईल अशा आवाजांत संयमावर दोन वाक्यें बोललों. ती कांहीं न बोलतां पुढें गेली.

रात्रीं साडेअकराच्या सुमारास पाणी पिण्यासाठीं उठतों आहों, असें आम्हीं स्वतःस सांगितलें. स्वयंपाकघरांत दिवा लावला नाहीं. फडताळांतला डबा हातास बरोबर लागला. पांचवी पोळी अर्धी झाली असेल-नसेल, तोंच दिवा लागला. दारांत ती उभी होती. रागावली असती तर बरें झालें असतें. ती एवढेंच म्हणाली, "दुपारी मी एक वाढत होते, ती सगळ्यांसमोर परत पाठवलीत. आणि आता हे असं, अंधारात, उभ्यानं. अहो, मी केलेलं चोरून खायची वेळ यावी का तुमच्यावर?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मग तिनें पाट मांडला. म्हणाली, "बसून खा. तूप वाढते." तूप मागण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें विचारलें, "वहीत लिहिलंत का?" आम्हीं लिहिलें नव्हतें. ज्यानें आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिकांतील खाडाखोड पकडली, त्याच्या वहींत त्या तारखेस 'रात्रीं : ताक' एवढेंच लिहिलेलें होतें.

पुढचे पंधरा दिवस आम्ही अधिकच घसरलों. नेम मोडलाच आहे, तर आतां काय राहिलें, या विचारानें मिळेल तें खाल्लें आणि कांटा पुन्हां ८१ वर आला. धर्मशास्त्रांत व्रतभंगास प्रायश्चित्त सांगितलेलें आहे. एकदां व्रत मोडलें म्हणून तें टाकून द्यावें, असें सांगितलेलें नाहीं. हें दुसऱ्यांस शिकविणें आम्हांस कधीं कठीण गेलें नाहीं.

दाबून ठेवलेली भूक जाते कोठें, याचा एक प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्यें, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत झाला होता. ३६ निरोगी तरुण आपण होऊन त्यांत सहभागी झाले. त्यांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. त्या दिवसांत ते अन्नाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करीनासे झाले, कित्येक तर पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसत. आणि बंधन सुटतांच पोट भरलें तरी त्यांचें समाधान होईना. आमचे नऊ आठवडे त्यापुढें पोरखेळ होत. परंतु फडताळापाशीं उभें राहिलेल्या माणसाची जात तीच होती.

माघ महिन्यांत एके दुपारीं पत्नीनें पंचांग आणि पेन्सिल घेऊन आम्हांस समोर बसविलें. घरांत वर्षाकांठीं गोडधोड किती दिवस होतें, तें तिनें मोजावयास सांगितलें. सण, संकष्ट्या, वाढदिवस, श्राद्धें, पूजा, पाहुणे, लग्नेंमुंजी धरून आंकडा चौसष्ट झाला, आणि रविवार त्यांत नव्हतेच. अप्पांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं मिळालें. एका दिवसानें खरोखरच कांहीं होत नाहीं. पण असे 'एक दिवस' वर्षांत किती, हें अप्पांनीं कधीं मोजलें नाहीं, आणि आम्हींहि नाहीं.

मग आम्ही दोघांनीं निवड केली. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, नागपंचमी, नारळीपौर्णिमा, गणेशचतुर्थी, गौरी, दसरा, कोजागिरी, दिवाळीचे तीन दिवस, संक्रांत आणि होळी असे तेरा. आईवडिलांच्या श्राद्धाचे दोन. नातवंडांच्या वाढदिवसांचे दोन. आणि अचानक येणाऱ्या लग्नकार्यासाठीं एक मोकळा. एकूण अठरा. पंचांगांत त्यांवर खुणा केल्या. ज्या दिवशीं खूण नाहीं, त्या दिवशीं सवलत नाहीं. आणि खूण आधींच केलेली असली पाहिजे, त्या दिवशीं सकाळीं नव्हे.

दुसरा नियम असा कीं, सवलत एका जेवणाची, दिवसाची नव्हे. मध्यम आकाराच्या एका पुरणपोळींत वरच्या तुपासह ३५० च्या आसपास कॅलरी असतात. दोन पोळ्या, कटाची आमटी, मूठभर भात, भाजी, कोशिंबीर असें पोटभर जेवण केलें, आणि सकाळीं व रात्रीं हलकें घेतलें, तर दिवसाची बेरीज २,००० च्या जवळपास राहते. त्या दिवशीं बचत होत नाहीं, पण आधींचें उधळलेंहि जात नाहीं.

तिसरा नियम पत्नीचा. नैवेद्य झाल्यावर, पाटावर बसून, चारचौघांत आणि ती वाढील तेवढेंच खावयाचें. फडताळाशीं उभें राहून खाल्लेल्या घासास नैवेद्य नसतो, हें तिचें म्हणणें आम्हांस कोणत्याहि आहारशास्त्राइतकें पटलें. चौथा नियम आमचा स्वतःचा : जें खाल्लें तें त्याच दिवशीं वहींत उतरावें, मग तें कांहींहि असो.

'पथ्य' हा शब्द आम्हीं शेंकडों वेळां उच्चारला असेल. त्याचा अर्थ या प्रकरणांत नव्यानें कळला. पाणिनीच्या व्युत्पत्तीप्रमाणें पथ्य म्हणजे पथापासून, वाटेपासून, न ढळलेलें. शब्दांत वाट आहे, भिंत नाहीं. वाटसरू वडाखालीं घटकाभर टेकला म्हणजे त्यानें वाट सोडली असें होत नाहीं. मात्र तो तेथेंच अंथरूण पसरील, तर मुक्काम गांठला जाणार नाहीं. आमचा रविवार म्हणजे दर आठवड्यास पसरलेलें अंथरूण होतें. आणि संक्रांतीपूर्वींचे नऊ आठवडे म्हणजे कोठेंहि न टेकण्याचा हट्ट होता, ज्याचा शेवट खड्ड्यांत झाला.

आणखी दोन गोष्टी अनुभवानें सांगण्याजोग्या आहेत. सणाच्या दुसऱ्या दिवशीं कांट्यावर उभें राहून घाबरूं नये. २०२४ च्या पाडव्यानंतर आमचें वजन एका रात्रींत १.२ किलोनें वाढलेलें दिसलें. एवढी चरबी चढण्यास गरजेपेक्षां नऊ हजारांवर कॅलरी अधिक खाव्या लागल्या असत्या. तेवढें भीमासहि दोन पंगतींत जावयाचें नाहीं. पिठूळ आणि गोड खाल्लें म्हणजे शरीर त्यांतली कांहीं साखर ग्लायकोजेनच्या रूपानें साठवितें आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी धरून ठेवितें. मिठानेंहि पाणी सांचतें. चार दिवस नेमानें राहिलों, कांटा आपोआप खालीं आला. पूर्वीं हा आंकडा पाहून आम्हीं सगळाच नेम सोडला असता.

दुसरी गोष्ट एकादशीची. वर्षास चोवीस, अधिक मास असेल तर सव्वीस एकादश्या येतात, आणि त्या आम्ही बचतीच्या बाजूस धरीत होतों. परंतु साबूदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदापासून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम साबूदाणा, त्यावर दाण्याचें कूट, तूप आणि बटाटा घालून केलेली खिचडी सातशे कॅलरींच्या घरांत जाते; आमचें रोजचें जेवण त्याहून हलकें असतें. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असें म्हणणाऱ्या आपल्या आजीपणज्यांजवळ तराजू नव्हता, पण डोळे होते. आतां आम्ही एकादशीस ताक, एखादें फळ आणि थोडी वऱ्याची भाकरी एवढ्यावर राहतों. मात्र ज्यांना मधुमेहाचीं औषधें किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनीं उपवास आणि मेजवानी हीं दोन्हीं आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नयेत; दोहोंतहि धोका आहे.

आमची ही रीत सर्वांस लागू पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. पहिला घास पोटांत गेला कीं ज्यांचा हात आवरतच नाहीं, अशीं माणसें असतात. त्यांना मुळींच न खाणें सोपें जातें, आणि त्यांनीं तसेंच करावें. कोण कोणत्या जातीचा, हें ज्यानें त्यानें आपल्या वहींत प्रामाणिकपणें पाहावें. एवढें मात्र आम्ही अनुभवानें सांगूं शकतों कीं, सवलतीचा दिवस तिथीनें यावा, जिभेनें बोलावलेला नसावा. आणि तो घरच्यांसह साजरा व्हावा. गोड खाण्यानें शरीराचें नुकसान होतें, हें खरें. पण वाढणाऱ्या हातास दर सणीं नकार देत राहिल्यानें घराचें जें होतें, तें मोजावयास कांटा नाहीं.

फळ काय मिळालें, हें वाचक विचारतीलच. माघ ते २०२५ चा आषाढ, या सुमारें सतरा महिन्यांत वजन ८१ वरून ७६.५ वर आलें. आरंभींच्या ८४ पासून मोजल्यास साडेसात किलो. गति मंद आहे, आणि शरीर हलकें होईल तशी त्याची गरजहि घटत असल्यानें ती मंदच राहणार. साखरेचा आंकडा ६.३ वरून ५.९ झाला. म्हणजे उंबरठा अजून ओलांडलेला नाहीं, पण आम्ही घराच्या बाजूस सरकलों आहों, असें डॉक्टर म्हणाले.

त्या वर्षींच्या गौरींस पंचांगांत खूण होतीच. पत्नीनें दोन पुरणपोळ्या वाढल्या, वर तूप घातलें आणि क्षणभर थांबून विचारलें, "अजून?" अप्पांची ओटीवरची खुर्ची आठवली. आम्हीं नको म्हटलें; या वेळीं हात आडवा न धरतां आणि भाषण न करतां. रात्रीं वही उघडली. 'पुरणपोळ्या २, बसून, सर्वांबरोबर' असें लिहिलें. तिसरी हवी होती, हेंहि त्याखालीं लिहून ठेवलें.